रेवदंड्याची सडक

मालकाला मी कधी नावानं हाक मारली नाही, म्हणून इथंही मारत नाही. तो मला मिस्त्री म्हणायचा, मी त्याला मालक. नांदेडात सडकेला लागून त्याचं ताडपत्रीचं दुकान होतं आणि दुकानामागं माझं शेड. मी ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधायचो, तो त्या ट्रकवर झाकायच्या ताडपत्र्या शिवायचा. शेडला लागून दोन खोल्या होत्या त्याच्याच. त्यात मी आणि माझी बायको. आम्हाला मूलबाळ झालं नाही.

मला लिहायची सवय नाही. शाळा चौथीत सुटली. पण मालक गेल्या उन्हाळ्यात गेला, आणि आता लोक त्याच्याबद्दल काहीबाही सांगून राहिलेत. कोणी म्हणतं येडा होता, कोणी म्हणतं पोचलेला वली होता. दोन्ही खोटं. माणूस हट्टी होता. लई हट्टी होता. बाकी आपल्यासारखाच.

त्याला कसम खायची खोड होती. दुसऱ्याला तंबाखूची असती तशी. राग आला की हातातली सुई आधी टोपीत खोचायचा, मग वर बघायचा. सुई टोपीत गेली की आम्ही समजायचो, आता कसम येणार. आणि एकदा खाल्ली की मोडायची नाही. मोडायची नाही म्हणजे नाही. मात्र वाकवायची. त्यात त्याच्यासारखा कारागीर मी बघितला नाही.

दुकानासमोर एक हॉटेल होतं. एकदा तिथं नासक्या दुधाचा चहा आला. ह्यानं सुई खोचली आणि म्हणाला, "अल्ला कसम, तुझ्या हॉटेलात पुन्हा चहा पिणार न्हाई." दुसऱ्या दिवशी बघतो तर हा हॉटेलाच्या पायरीखाली, उन्हात उभा. पोऱ्यानं कप बाहेर आणून दिला, ह्यानं बाहेर पिला. म्हटलं, "मालक, कसम?"

"हॉटेलात न्हाई म्हणलं होतं. मी हॉटेलात हाय का?"

असं किती वर्षं चाललं. हॉटेलवाला भला माणूस. त्यानं ह्याच्यासाठी बाहेर एक खुर्ची ठेवली. पुढं दया येऊन खुर्चीवर पत्रा घातला, म्हाताऱ्याला ऊन लागू नये म्हणून. तर ह्यानं खुर्ची दोन हात पुढं ओढली, पुन्हा उन्हात. म्हणाला, "पत्रा आला की हॉटेल आलं."

थोरल्या भावाशी बोलणार नाही अशीही एक कसम होती. ईदीला दोघं भाऊ एका अंगणात बसायचे, मधी बकरा बांधलेला. मालक बकऱ्याला म्हणायचा, "ए, विचार त्याला, शुगरची गोळी घेतली का?" भाऊ बकऱ्यालाच सांगायचा, "सांग त्याला, घेतली. आणि म्हणावं तू आपली बघ." बकरा कापला की दोघं गप्प व्हायचे. पुढच्या ईदीपर्यंत.

लोक हसायचे, पण लोकांना त्याचं कौतुकही होतं. हदगावचे, नायगावचे व्यापारी कापूस झाकायच्या ताडपत्र्या घ्यायला त्याच्याकडंच यायचे. जबानीचा माणूस म्हणायचे. मला वाटतं, त्या कौतुकानंच त्याचं नुकसान झालं.

त्याची बायको पोर लहान असतानाच गेली. एकच पोर, मुलगी. ती आमच्या खोलीतच वाढली म्हटलं तरी चालंल. माझी बायको तिची वेणी घालायची, तिला ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून द्यायची. मालकाला तोंडावर म्हणायची, "पोर आधी माझी, मग तुमची." मालक म्हणायचा, "हौ भाभी, अर्धीअर्धी." पोर शिकली, लातूरला नर्स झाली. तिथंच दवाखान्यात काम करणारा एक पोरगा तिला आवडला. मुलगा कोकणातला, समुद्राकाठच्या रेवदंड्याचा. मालकानं निकाहाला होकार दिला, पण जावई लातूरलाच राहील ह्या बोलीवर.

पुढं जावयाचा बाप अंथरुणाला खिळला. नारळ-सुपारीची वाडी बघायला कोणी नाही. दोघं रेवदंड्याला गेले. मालकाला वाटलं आपल्याला फसवलं. तो गाडी करून पोरीला आणायला गेला. तिच्या घरापुढं सडकेवर उभा राहून म्हणाला, चल. ती दारात उभी राहून म्हणाली, "अब्बा, मी येत न्हाई. तुम्ही आत या, जेवा." ह्यानं टोपीतली सुई काढली, पुन्हा खोचली. प्रवासात सुद्धा टोपीत सुई असायचीच. "अल्ला कसम, ह्या सडकेवर पुन्हा पाय ठेवणार न्हाई." आणि तसाच उपाशी परत आला.

त्यानंतर पोरीचा फोन माझ्या बायकोच्या मोबाईलवर यायचा. शेडमध्ये फोन वाजला की पुढं दुकानात मशीन बंद पडायचं. बायको मुद्दाम मोठ्यानं बोलायची. "काय म्हणतीस? दुसरा बी मुलगाच? बापावर गेलाय का आज्ज्यावर?" फोन संपला की मशीन परत सुरू. संध्याकाळी मालक दाढी खाजवत यायचा. "भाभी, फोन कुणाचा होता म्हणे?"

"सांगत न्हाई. जाऊन विचारा."

"सडकेवर कसम हाय."

"मग बसा कसम उशाला घेऊन."

असं ती त्याला मरेपर्यंत म्हणत राहिली. मरेपर्यंत म्हणजे खरंच. तिला पोटाचा आजार झाला. शेवटी शेवटी पाणी पचत नव्हतं. तरी मालक बघायला आला की डोळे उघडून म्हणायची, "गेला का?" तो म्हणायचा, "जातो भाभी, जातो."

ती गेली त्या दिवशी पोरगी आली. दुखणं वाढल्याचं कळलं तशी रात्रभर रेल्वेत बसून आली होती. माझ्या बायकोच्या पायाशी डोकं ठेवून रडली ती मला अजून ऐकू येतं. मालक अंगणातच होता, लिंबाखाली, खाली मान घालून. बाप-लेक एका अंगणात, मधी माझी बायको झाकून ठेवलेली. बोलले नाहीत. जाताना मी पोरीला म्हटलं, "बाई, तूच बोल की. म्हातारा झालाय." ती म्हणाली, "चाचा, बाप माझ्या दारात आला की बोलन. मी त्यांचीच लेक हाय." आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेली.

तेरावा झाला. पाहुणे पांगले. मी खोलीत बसून होतो. चूल पेटवली नव्हती, गॅसही नाही. कोणी आणून दिलं तर खायचं, नाहीतर पडून राहायचं. लोक यायचे, म्हणायचे, सगळ्यांनाच जायचंय. मला राग यायचा. सगळ्यांना जायचंय हे मला ठाऊक होतं. तिलाच का आधी, ते कोणी सांगत नव्हतं. मालक तसलं काही बोलला नाही. उंबऱ्यावर बसला, खोलीत सगळीकडं बघितलं, आणि म्हणाला, "मिस्त्री, समुद्र बघायचा का?"

"मला काय करायचं समुद्र."

"मला बी काय करायचं न्हाई. पोरीकडं जायचंय. तुझं घर बघितलं. वाट बघणारं कुणी न्हाई राहिलं. माझं एक हाय अजून."

"मग एसटीत बस आणि जा."

"सडकेवर कसम हाय. पाण्यावर न्हाई. होडीनं जायचं."

"अरे, कसम तिच्या दारापुढच्या सडकेवर हाय. अलीकडं उतर."

"सडक एकच असती मिस्त्री. जन्मभर ट्रकच्या बॉड्या बांधल्या, तुला एवढं कळत न्हाई? तिच्या दारापुढली सडकच फिरत फिरत इथवर येती."

"आणि इथून होडीपर्यंत?"

"पनवेलपर्यंत रेल्वे. पुढं रोह्यापर्यंत रेल्वे. तिथून जीप, ती दुसऱ्या सडकेनं जाती. मी विचारून ठेवलंय."

"ती सडक पुढं तुझ्या सडकेला मिळत न्हाई का?"

"मिळती. मिळायच्या आधी मी उतरतो."

"लई सोयीचं हाय."

"कसम माझी हाय, हिशेब बी माझा हाय. पिशवी भर."

मी पिशवी भरली. इथं भिंत बघायची ती तिथं पाणी बघावं, एवढाच विचार केला.

रोह्याहून जीपनं राजपुरीच्या बंदरावर पोचलो. तिथं पाण्यात उभा किल्ला आहे, तो बघायला माणसं शिडाच्या होड्यांतून जातात. मालकानं होडी चालवणारा एक तांडेल गाठला, माझ्याच वयाचा. त्याला म्हणाला, रेवदंड्याला सोड. तांडेल म्हणाला, "एवढ्या लांब शिडावर? बाबा, एसटी आहे ना. तासा-दीड तासाचं काम."

"एसटी नक्को."

"मग इंजिनाची होडी बघून देतो."

"इंजिनावर भरोसा न्हाई माझा. कापडावर हाय. जन्म कापडात गेला."

तांडेल माझ्याकडं बघून डोळ्यानं विचारायला लागला, हे बरे आहेत ना? मी म्हटलं, "बरा न्हाई, पण सोड त्याला. पोरीला भेटायला निघालाय." तेव्हा तो तयार झाला. म्हणाला पहाटे निघू, जमिनीवरून वारा सुटतो तेव्हा.

संध्याकाळी तांडेल जेवायला घरी गेला. मालक होडीत चढून शीड चाचपायला लागला. मी काठावर बसलो होतो. थोड्या वेळानं बघतो तर ह्यानं पिशवीतून दाभण आणि दोरा काढलाय आणि शीड मांडीवर घेऊन शिवून राहिलाय. "सैल झालंय बिचाऱ्याचं," म्हणाला. "मधी झोळ पडलाय. सरळ करून देतो." अंधार पडेस्तवर शिवलं. हात त्याचा असा की टाका दिसायचा नाही.

पहाटे तांडेलानं शीड चढवलं आणि वर बघतच राहिला. शीड ताठ, पाटासारखं सपाट. वारा येत होता आणि घसरून जात होता. होडी जागची हलंना.

"हे कोणी केलं?"

"मी," मालक म्हणाला, छाती काढून. "झोळ पडला होता, काढून टाकला."

"झोळ?" तांडेल ओरडला. "बाबा, ते पोट होतं शिडाचं! माझ्या बापानं ठेवलेलं पोट! वाऱ्यानं बसायचं कुठं आता?"

मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं. ट्रकवरच्या ताडपत्रीला झोळ राहिला की वारा आत शिरतो आणि घाटात ताडपत्री फाडून नेतो. म्हणून ताणून, दाबून शिवायची. हे त्याला बापानं शिकवलेलं. कापड म्हणजे वारा बाहेर ठेवायची गोष्ट, एवढंच आम्हाला नांदेडात ठाऊक. मालकानं शीड खाली घेतलं आणि आपल्या हातानं आपलेच टाके उसवत बसला. त्याला स्वतःचे टाके उसवताना मी पहिल्यांदाच बघत होतो. शीड परत चढलं, फुगलं, आणि होडी निघाली. बऱ्याच वेळानं तो एकटाच हसायला लागला.

"काय झालं?"

"कुठं काय. जन्मभर वाऱ्याला हाकलत आलो. हे लोक त्याला घरात घेऊन बसवतात."

समुद्र मी पहिल्यांदाच बघत होतो. लोक त्याबद्दल बोलतात तसं मला काही झालं नाही. मला आवाज नाही ह्याचंच नवल वाटलं. एवढी मोठी होडी, माणसं बसलेली, चालतीय, आणि इंजिन नाही, हादरा नाही, धूर नाही. फक्त लाकूड कुरकुरत होतं. ते मला ओळखीचं. फळ्यांचे सांधे मी हातानं तपासले. चांगले होते. उजव्या हाताला डोंगर, माडांची रांग, मधी मधी वाळू. बायको असती तर तिनं माझं मनगट घट्ट धरलं असतं आणि डोळे मिटले असते. माहूरच्या घाटात एसटीत ती असंच करायची, देवीपर्यंत डोळे उघडायची नाही. मग वर पोचल्यावर म्हणायची, किती छान रस्ता आहे. माझं मनगट मोकळं होतं. मी ते दुसऱ्या हातानं धरून बसलो.

मधी वारा पडला. आम्ही तिघं म्हातारे, पाण्याच्या मधोमध, शीड लोंबकळतंय. तांडेल म्हणाला, "थांबायचं. दुपारी समुद्रावरचा वारा येईल." मालकानं विचारलं, "न्हाई आला तर?" "येतो. रोज येतो." आम्ही कांदा-भाकरी खाल्ली. मालक म्हणाला, "भाभी असती तर म्हणाली असती, बसा कसम उशाला घेऊन." मी उरलेली भाकरी फडक्यात बांधली. वारा आला.

दुपार कलली तेव्हा एका डोंगरावर किल्ला दिसला. मगर पाण्यात उतरावी तसा तो डोंगर समुद्रात उतरला होता. तांडेल म्हणाला, हे कोर्लई, आणि खाडीपलीकडं दिसतंय ते रेवदंडा. ओहोटी लागली होती. होडी काठाला लागंना. आम्ही विजारी वर करून गुडघाभर पाण्यातून वाळूवर आलो. तांडेल म्हणाला, मी मुक्काम करतो, उद्या भरतीला निघू.

रेवदंडा म्हणजे गावच किल्ल्यात आहे. फिरंग्यांनी बांधलेला तट, काळ्या दगडाचा, आणि त्याच्या पोटात घरं, माड, सुपारीच्या वाड्या, शाळा, सगळं. आणि गावातून, तट फोडून, सडक गेलेली. मालकानं वाळूवरून ती बघितली. गाड्या चालल्या होत्या. तो माघारी फिरला आणि तटाकडं निघाला.

"कुठं?"

"वरून जाऊ."

मग आम्ही दोघांनी ते गाव बघितलं. कोणी पाहुणा बघत नसेल असं बघितलं. सडक सोडून सगळं. तटावर चढलो. वडाची मुळं दगडांत घुसली होती, त्यांना धरून. एका दगडावर मुकुट आणि ढाल कोरलेली. मालकानं त्यावरून हात फिरवला, म्हणाला, "ह्यांचा बी कुणीतरी मालक असंल. गेला." पुढं एक चर्च लागलं, भिंती उभ्या, छप्पर नाही, आत गवत आणि एक गाय. मालकाला कुठलीही इमारत दिसली की तो ताडपत्रीत मोजायचा. रेल्वेतून देवळं मोजली, पनवेलचं स्टेशन मोजलं. इथंही बोटं दुमडत उभा राहिला. "मोठी लागंल. पण बांधायला कड्या कुठायत? कडी न्हाई ठेवली म्हणून तर छप्पर उडालं." त्याच्या पलीकडं एक उंच मनोरा, मजल्यावर मजले, आतून पोकळ. वर कावळे. तो मोजायला त्याला जमला नाही. नुसता मान वर करून बघत राहिला, मग म्हणाला, "एवढं उंच बांधून काय मिळालं रे ह्यांला?"

एका ठिकाणी जुन्या दरवाज्याची कमान शाबूत होती आणि खालून सडक. मालक कमानीवरून पलीकडं गेला, हळू, बसून बसून. मधोमध थांबून मला म्हणाला, "बघ मिस्त्री. खाली सडक, वर मी. पाय लागला का?"

"पडलास तर लागंल," मी म्हटलं.

पुढं तट ढासळलेला. आम्ही वाड्यांत उतरलो. एकाची कुंपणं ओलांडत दुसऱ्याच्या वाडीत. पायाखाली ओल, सुपारीची झाडं काठीसारखी सरळ, पाटात पाणी. एक म्हातारी नारळ सोलत होती. दोन म्हातारे कुंपणावरून उतरताना बघून ती म्हणाली, "काय चोरायचंय?"

"काही न्हाई माय. लेकीचं घर शोधतोय." मालकानं जावयाचं नाव सांगितलं.

"ते काय, सडकेनं जा, पाचवं घर."

"सडक नक्को. मागून वाट हाय का?"

म्हातारीनं आम्हाला वर-खाली बघितलं, आणि कोयत्यानं दिशा दाखवली.

मागचं कुंपण ओलांडलं तेव्हा पोरगी विहिरीवर होती. केस पिकायला लागलेत तिचे. मालक सुपारीच्या झाडाला धरून उभा राहिला. चिखलात पाय, कुंपणानं बाही फाटलेली. मला वाटलं, झालं. पोचला. आता रडतील दोघं.

तिनं कळशी खाली ठेवली. आधी माझ्याकडं बघितलं. "चाचा, तुम्ही बी?" मग बापाकडं. "कुठून आले?"

"पाण्यावरून," मालक म्हणाला. "होडीनं. शिडाच्या. सडकेला पाय लावला न्हाई." हे तो अशा आवाजात म्हणाला की जणू शाळेत पहिला आलाय.

"म्हणजे कसम शाबूत."

"शाबूत."

तिनं ओले हात पुसले. मग म्हणाली, "अब्बा, मागच्या दारानं मांजरं येतात. तुम्ही माझ्या पुढच्या दारात मला सोडून गेले होते. सगळा मोहल्ला बघत होता. मी पुढचं दार उघडून बसते. यायचं तर तिथून या. न्हाई यायचं तर होडी कुठं लावली तेवढं सांगा, डबा पाठवते." आणि कळशी उचलून आत गेली. मागच्या दाराला कडी लागली. आम्हाला ऐकू आली.

मालक विहिरीच्या काठावर बसला. शेजारून एक बोळ सडकेकडं जात होता. बोळाच्या तोंडाशी डांबर दिसत होतं. तिथून तिचं दार आठ-दहा पावलांवर. तो त्या डांबराकडं बघत बसला. मी थांबलो. ऊन उतरलं. तरी बसलेलाच.

मग मला राग आला. बायको गेल्यापासून पहिल्यांदा कोणावर तरी खरा राग आला. मी म्हटलं, "मालक, माझी बायको मेली. मला कुणी सांगितलं असतं की त्या सडकेवरून नाक घासत जा, पलीकडं ती दार उघडून बसलीय, तर मी गेलो असतो. सालटं निघंस्तवर गेलो असतो. तुझी बसलीय तिथं. आणि तू पाय मोजून राहिलास."

त्यानं माझ्याकडं बघितलं. हात टोपीकडं गेला. मला वाटलं, आता माझ्यावर कसम खातो. पण त्यानं टोपीतली सुई काढली, विजारीच्या पट्टीत खोचली, आणि उठला.

बोळातून गेला. डांबराच्या कडेला थांबला. एक मोटार गेली, एक सायकल गेली. मग त्यानं उजवा पाय ठेवला, जपून, पाणी किती खोल आहे बघावं तसा. मग डावा. मग चालत गेला, मधोमध. मागून एक रिक्षा आली आणि भोंगा वाजवायला लागली, तरी कडेला झाला नाही. मी मागं मागं.

ती दारातच बसली होती. उभी राहिली. तो पायरीखाली थांबला.

"कसम मोडली," तो म्हणाला.

"कसमेचा कफ्फारा द्यावा लागंल."

"दहा गरीब-मिस्कीनांना जेवू घालायचं."

ती एकदम बघायला लागली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हौ. लहानपणापासून."

"दहा माणसांचं जेवण? अब्बा, दहा माणसांचं जेवण घातलं असतं की कसम सुटत होती? मग इतकी वर्षं?"

तो म्हातारा तिथं उभा राहून काय म्हणाला ते मी विसरणार नाही. "कुणी मोड म्हणलं न्हाई गं. सगळे म्हणायचे, काय जबानीचा माणूस. भाभी म्हणायची जा म्हणून, तिला हसून टाळायचो. तू मोड म्हणली न्हाईस."

"मी म्हणायला पाहिजे होतं?"

"तूच म्हणायला पाहिजे होतं."

ती हसली का रडली मला सांगता येणार नाही. मी मागं होतो, मला त्याची पाठच दिसली. पाठ हलत होती. मग ती पायरी उतरली आणि त्याचा हात धरून त्याला आत घेऊन गेली, आणि मी सडकेवर उभा राहिलो. मोहल्ल्यातली दोन-तीन माणसं दारात आली होती. मी त्यांना म्हटलं, "काय बघताय? बाप लेकीकडं आलाय."

मालक परत नांदेडला आला नाही. दुकान भाच्याला दिलं. तिथंच राहिला, नातवंडांबरोबर, आणि गेल्या उन्हाळ्यात तिथंच गेला. पण ते पुढचं. मला दुसऱ्या दिवशीचं सांगायचंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीनं कफ्फाऱ्याचं जेवण केलं. भात, मटणाचा रस्सा, तांदळाच्या भाकरी. माणसं बोलावली ती तिनं आणि जावयानं शोधून आणली. बंदरावर मासळी निवडणाऱ्या बाया, मशिदीपुढं बसणारा एक आंधळा, वाडीत पाणी लावणारे दोघं, असे. अंगणात चटई अंथरली. मोजली तर नऊ. जावई म्हणाला, मी जाऊन एक बघून येतो.

"कशाला," मालक म्हणाला. "दहावा बसलाय की इथं." आणि माझ्याकडं बोट केलं.

मला लागलं. म्हटलं, "मी जन्मभर हातानं कमावून खाल्लंय. मी मिस्कीन न्हाई. आणि मी तुमच्यातला बी न्हाई. चालतं का तरी ते?"

"चालतं का न चालतं ते वर बघून घेतील. कमावत्या माणसा, एवढं सांग. घरी गेल्यावर तुला वाढणारं कोण हाय?"

मी चटईकडं बघितलं.

"मग बस," तो म्हणाला.

मी चटईच्या टोकाला बसलो, आंधळ्याशेजारी. पोरगी वाढत वाढत आली. माझ्यापुढं ताट ठेवलं, भाकरी ठेवली, रस्सा वाढला, आणि इतरांपुढून गेली तशी पुढं गेली नाही. तिथंच उकिडवी बसली. भाकरी तांदळाची होती, मऊ, आपल्या ज्वारीसारखी दाताला लागत नव्हती. मी पहिला घास मोडला. तो हातातच राहिला. तिनं पाण्याचा तांब्या जवळ सरकवला आणि बसून राहिली. मग खाल्ला. दुसराही खाल्ला.

"अजून एक देऊ, चाचा?"

नको म्हणणार होतो. ताट पुढं केलं.